‘मराठी पुस्तक दिलं की तोंड वाकडं करतो’ आणि इतर प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की नऊ ते तेरा वयाच्या मुलांच्या वाचनाबद्दल काहीही विचारा. प्रश्न आले ते जवळजवळ सगळे मे महिन्याच्या सुट्टीच्या काळजीने लिहिलेले. मी सहकारनगरमध्ये घराच्या पुढच्या खोलीत चौदा वर्षं मुलांची लायब्ररी चालवते, त्यामुळे खाली जे सांगतेय ते बरंचसं त्या खोलीत बघितलेलं आहे. या वयाच्या पुस्तकांना इंग्लिशमध्ये मिडल ग्रेड म्हणतात, आपल्याकडे कुमार साहित्य म्हणतात, आणि हेच वय हातातून सगळ्यात पटकन निसटतं, कारण चित्रांची पुस्तकं बाळबोध वाटायला लागलेली असतात आणि मोठ्यांची जाड पुस्तकं अजून पेलत नाहीत.

ताई, माझा मुलगा सहावीत आहे, इंग्लिश मीडियम. घरी आम्ही मराठीच बोलतो. तो वाचत नाही असं नाही, पण ती डायरीसारखी कार्टूनवाली इंग्लिश पुस्तकं, तीच तीच दहादा. मराठी पुस्तक दिलं की तोंड वाकडं करतो, बोअर आहे म्हणतो. त्याला आवडेल असं एखादं मराठी पुस्तक सांगा ना.
– एक आई, कोथरूड

नाव सांगते, पण त्याआधी हे ‘बोअर’ काय आहे ते बघूया. माझा अनुभव असा की अकरा वर्षांचं मूल मराठी पुस्तकाला बोअर म्हणतं तेव्हा दहातल्या सात-आठ वेळा त्याचा अर्थ ‘मला झरझर वाचता येत नाहीये’ असा असतो. इंग्लिश वाचताना त्याचे डोळे अख्खा शब्द उचलतात, मराठीत तो अजून अक्षर जुळवत असतो, ‘उद्ध्वस्त’ किंवा ‘स्वातंत्र्य’ आलं की अडखळतो आणि ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात विसरलेला असतो. मग गोष्ट कितीही भारी असली तरी ती डोक्यात उभीच राहत नाही ना. आणि हे आईला सांगायची लाज वाटते, बोअर म्हणून मोकळं होणं सोपं.

आता हे तपासायचं कसं, तर ‘बस इथे आणि एक पान मोठ्याने वाचून दाखव’ असं अजिबात करू नका, ती परीक्षा होते. कणीक मळत असताना त्याला हाक मारा, माझे हात भरलेत रे, सोसायटीच्या ग्रुपवर तो पाण्याचा मोठा मेसेज आलाय तेवढा वाचून दाखव. तो वाचेल तेव्हा फक्त ऐका, चुका सुधारू नका. दोन मिनिटांत तुम्हाला कळेल की पाणी कुठे मुरतंय.

अडखळत असेल तर लोक एक चूक हमखास करतात, त्याला पहिली-दुसरीच्या मुलांचं पुस्तक देतात, कारण त्यात शब्द सोपे असतात. पण त्यातला ससा आणि त्यातलं कासव बघून तो अजून चिडतो, कारण डोकं अकरा वर्षांचं आहे, फक्त मराठी वाचायचा स्पीड सात वर्षांचा आहे. त्याला पाहिजे ते पुस्तक असं, की वाक्यं छोटी, संवाद भरपूर, गोष्ट चार-सहा पानांत एका ठिकाणी पोचणारी, पण भानगडी त्याच्या वयाच्या. म्हणून दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ आणा. गोष्टी सुट्या सुट्या आहेत, कुठूनही उघडता येतात, आणि बोक्या हा शहाणा आदर्श मुलगा नाहीये, खोड्या करतो आणि मनाने चांगला आहे. तुमच्या मुलाला त्या कार्टूनवाल्या डायऱ्या आवडतात त्याचं कारण बहुतेक तेच असणार, त्यातल्या मुलाचं रोज काहीतरी बिघडतं आणि वाचणाऱ्याला हायसं वाटतं. त्याला विचारा एकदा, तुला त्यात नेमकं काय आवडतं. तो सांगेल ते नीट ऐका, पुढची सगळी पुस्तकं त्या उत्तरातून निघतात. आणि त्या डायऱ्या प्लीज काढून घेऊ नका. दहादा वाचणं हे वाया जाणं नाही, आवडत्या गाण्यासारखं आहे ते.

दुसरं, त्याला वाचून दाखवा. अकरा वर्षांच्या मुलाला कुठे वाचून दाखवायचं, असं तुम्हाला वाटेल, पण जो शब्द कानावरून एकदा गेलेला असतो तो डोळ्यांना पटकन सापडतो, आणि इंग्लिश मीडियमच्या मुलांच्या कानावर बोलण्यातली मराठी असते, पुस्तकातली नसते. ‘तत्क्षणी’ किंवा ‘न्याहाळत’ हे शब्द घरात कोण बोलतं? भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ घ्या, रात्री जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं वाचा, आणि बरोब्बर फेणे संकटात सापडला की पुस्तक बंद करून डायनिंग टेबलवर ठेवून झोपायला जा. काही बोलू नका. आमच्या लायब्ररीत शनिवारी मी हेच करते, वाचता वाचता फेण्याचा ‘ट्टॉक’ आला की सगळी पोरं जिभेने ट्टॉक करतात, आणि मी थांबले की पुढचं वाचण्यासाठी पुस्तकावरून ओढाताण होते. एक मुलगा, हाच असाच इंग्लिश मीडियमवाला, खिडकीत बसून बोट ठेवून ठेवून पुढची दोन पानं वाचत होता, ओठ हलत होते, अर्धा तास लागला त्याला, पण उठला नाही.

नातीच्या दहाव्या वाढदिवसाला मी तिला २५ पुस्तकं दिली. अप्पा बळवंत चौकात दोन तास उभं राहून एकेक निवडलं. ‘श्यामची आई’, शिवचरित्र, थोर शास्त्रज्ञांची चरित्रं, बोधकथा. चार महिने झाले, अजून वरचा कागदसुद्धा काढलेला नाही. आम्ही तिच्या वयात मिळेल ते वाचायचो. चूक कुठे होते आहे?
– एक आजोबा, नारायण पेठ

आजोबा, नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दोन तास उभं राहून नातीसाठी एकेक पुस्तक निवडणारे आजोबा आहेत हे त्या मुलीचं भाग्य आहे आणि ते तिला कळेलही. पण २५ पुस्तकं एकदम समोर आली की दहा वर्षांच्या मुलीला तो सुट्टीतला अभ्यास वाटतो. शिवाय तुमच्या यादीतलं प्रत्येक पुस्तक तिला काहीतरी शिकवायला आलंय, आणि मुलांना हा वास लगेच येतो. २४ पुस्तकं तुमच्या कपाटात ठेवा, तिला दिसतील अशी. एकच बाहेर राहू द्या.

ते एक ‘श्यामची आई’च असू दे हवं तर, फक्त ते तिला वाचायला देऊ नका, सांगा. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि पुस्तकाची रचनाच अशी आहे की श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना एक आठवण सांगतोय, बेचाळीस रात्री. म्हणजे ते मुळातच ऐकायचं पुस्तक आहे. त्यातल्या पोहण्याच्या प्रकरणापासून सुरुवात करा, श्याम पाण्याला घाबरून लपून बसतो आणि आई त्याला मारत मारत विहिरीवर धाडते. तुमची नात नक्की विचारेल, आईने का मारलं, हे चूक आहे ना? मग बोला त्यावर, वाद घाला, तिचं म्हणणं बरोबर असू शकतं. आणि माजघर, शिंपटी हे शब्द तिला डिक्शनरीत बघायला लावू नका, त्यासाठी तर तुम्ही शेजारी आहात.

इथे मला एक मनापासून सांगायचंय. आपण मोठी माणसं मुलांना पुस्तक सुचवताना दोन गोष्टींची गल्लत करतो. लहानपणाबद्दलचं पुस्तक वेगळं आणि लहान मुलांसाठीचं पुस्तक वेगळं. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मधला लंपन नावाचा मुलगा मला जीव की प्राण आहे, आणि काही वर्षांपूर्वी मी ते अकरा वर्षांच्या एका मुलीला मोठ्या प्रेमाने दिलं, हे वाचच म्हणून. ती महिनाभर लायब्ररीत आलीच नाही. शेवटी तिच्या आईकडून कळलं की पुस्तक पुढे जात नव्हतं आणि ताईंना काय सांगू म्हणून ती यायचीच टाळत होती. लंपन कळायला मागे वळून बघावं लागतं, आणि ती मुलगी अजून पुढेच बघत होती. त्या दिवसापासून आमच्याकडे पुस्तक अर्धवट परत आलं तर कारण विचारायचं नाही, नुसतं घ्यायचं आणि दुसरं समोर ठेवायचं. ती मुलगी चौदाची झाल्यावर स्वतःहून ‘वनवास’ घेऊन गेली आणि तीन दिवसांत परत आली, पुढचा भाग आहे का विचारत.

तर आजोबा, पुढच्या वेळी चौकात जाताना नातीला बरोबर न्या. तिच्या हातात तिचे दोनशे रुपये द्या आणि ती जे उचलेल त्यावर एक शब्दही बोलू नका, भुताच्या गोष्टी घेतल्या तरी. तुमच्या पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून आहे, तिथेही तिला एकदा नुसतं फिरवून आणा, एवढी पुस्तकं आणि एकही तिला सक्तीचं नाही हे तिने बघायला पाहिजे.

मी सातवीत आहे. मला फक्त डिटेक्टिव्हच्या गोष्टी आवडतात. फास्टर फेणे सगळे वाचून झाले. आई म्हणते आता काहीतरी वेगळं वाच. काय वाचू?
– वय १२, सिंहगड रोड

तू आधी फेलूदा वाच! सत्यजित राय यांनी लिहिलेला कोलकात्याचा डिटेक्टिव्ह. त्याच्या गोष्टी त्याचा चुलतभाऊ तोपशे सांगतो, तो साधारण तुझ्यापेक्षा थोडा मोठा. आणि पुढे त्यांच्यात जटायू नावाचा एक लेखक येतो जो स्वतः थरारक कादंबऱ्या लिहितो आणि त्यात माहिती चुकीची घालतो, मग फेलूदा त्याच्या चुका काढतो. पहिली गोष्ट १९६५ साली ‘संदेश’ नावाच्या मुलांच्या मासिकात आली, आणि ते मासिक राय यांच्या आजोबांनीच १९१३ मध्ये सुरू केलेलं. मराठीत अशोक जैन यांनी अनुवाद केलाय, रोहन प्रकाशनाने काढलाय, भरपूर पुस्तकं आहेत, सुट्टी पुरेल.

आईच्या ‘वेगळं’साठी जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा घे, ‘यक्षांची देणगी’पासून सुरू कर. त्यातही कोडंच असतं, फक्त गुन्हेगाराच्या जागी विश्वातली एखादी भानगड असते. नारळीकर आपल्या पुण्यातच राहायचे, आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था त्यांनी उभी केली. त्यांनी पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली तेव्हा नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून स्वतःची आद्याक्षरं उलटी केली आणि नारायण विनायक जगताप असं खोटं नाव घेतलं. आणि बक्षीस मिळालं! नाव बदलून केलेली ही कामगिरी तुझ्यासारख्या डिटेक्टिव्हला आवडेल असं वाटतं. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्याही भागवतांनी मराठीत आणल्यात, फेण्याचीच भाषा तुला तिथे भेटेल.

आणि एकाच प्रकारचं वाचणं चालतं गं. चालतंच.

मी हडपसर भागातल्या महापालिकेच्या शाळेत पाचवीला शिकवते. वर्गात ४५ मुलं, कपाटात साठेक पुस्तकं, त्यातली निम्मी फाटकी. आठवड्यात एक वाचनाचा तास असतो. सारांश लिहून आणा म्हटलं की मुलं मागच्या कव्हरवरचं उतरवून आणतात. काय करता येईल?
– एक बाई

बाई, सारांश बंद करा, पहिलं काम हेच. मोठं माणूस पुस्तक वाचून झाल्यावर सारांश लिहितं का? आपण कुणालातरी फोन करून सांगतो, अगं हे वाच. मुलांनाही तेवढंच करू द्या. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक कोरा कागद चिकटवा, ज्याने वाचलं त्याने पुढच्यासाठी एक ओळ लिहायची, नाव घालायचं किंवा नाही घालायचं. आमच्याकडच्या एका भूतकथेच्या पुस्तकात पेन्सिलने लिहिलंय, ‘पान ३४ ला थांबू नका, ३६ ला भीती जाते’. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘नाही जात’. ते पुस्तक कपाटात टिकतच नाही. मुलाने मुलाला सुचवलेलं पुस्तक जेवढं वाचलं जातं तेवढं तुम्ही-मी सुचवलेलं कधीच वाचलं जात नाही, हे मी लायब्ररीच्या वहीवरून सांगू शकते.

एक तास एकदम देण्यापेक्षा रोज दहा मिनिटं शाळा सुटायच्या आधी तुम्ही वाचा, एकच लांब गोष्ट, तुकड्यातुकड्याने. तुमच्याकडे तर फास्टर फेणे शेजारचाच आहे, तो फुरसुंगीचा, आणि तुमच्या वर्गात फुरसुंगीहून येणारी मुलं असतीलच. त्यांना पहिल्यांदा कळेल की पुस्तकातला हिरो आपल्या गावचा असू शकतो. तो आनंद बघायला मला आवडलं असतं.

पुस्तकं कमी आहेत त्याचं असं करा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक त्यांच्या वेबसाइटवर फुकट बघायला मिळतात. चित्रं तर इतकी सुंदर आहेत की त्यासाठीच उघडावेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत, वाचनाच्या चार पायऱ्या लावलेल्या, आणि त्या प्रिंट काढून वर्गात वाटायला परवानगी आहे. पाचवीच्या वर्गात काही मुलं अजून पहिल्या पायरीवर असतात हे तुम्हाला मी सांगायला नको, तर पायरीचा आकडा झाकून गठ्ठे ठेवा, नाहीतर वर्गाला लगेच कळतं कोण कुठलं घेतंय आणि ते मूल परत हात लावत नाही. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात, डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरला की शाळेच्या पैशात तिथे बरंच येतं. आणि ‘तोत्तोचान’ एक प्रत नक्की घ्या, चेतना सरदेशमुख गोसावी यांचा अनुवाद. रेल्वेच्या डब्यात वर्ग भरणारी जपानमधली खरी शाळा, मुलं ऐकताना डोळे मोठे करतात. ती आधी तुम्ही तुमच्यासाठी वाचा.

फाटक्या पुस्तकांचं म्हणाल, तर फाटकं पुस्तक टाकू नका, चिकटवायला मुलांनाच बसवा. ज्याने पानं चिकटवली तो ती वाचतोच, चिकटवताना नजर जातेच ना.

मुलीकडून रोज किती पानं वाचून घ्यावीत?
– बिबवेवाडी

पानं मोजू नका. झोपायच्या आधी वीस मिनिटं घरातले सगळे फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, तुमचा पण, आणि सगळ्यांनी काहीतरी वाचत बसा. तिने त्या वीस मिनिटांत नुसती चित्रं बघितली तरी काही म्हणू नका.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे आणि ‘मृत्युंजय’ वाचायचं म्हणून हट्ट धरून बसलीय. तिच्या आजीकडे जुनी प्रत आहे. मला वाटतं हे तिच्या वयाला जड आहे, त्यात युद्ध, मरण, अपमान, सगळंच आहे. थांबवू का? – एक बाबा, बाणेर

थांबवू नका हो. मला तुमची काळजी कळते, पण एवढं जाड पुस्तक बारा वर्षांची मुलगी स्वतःहून मागतेय, हा दरवाजा एकदा बंद केला की पुन्हा उघडायला वेळ लागतो. तिला कुंतीचं आणि कर्णाचं बहुतेक माहिती असणारच, महाभारत आपल्याकडे मुलं पाचव्या वर्षापासून ऐकतात. जड जाईल ती भाषा. शिवाजी सावंतांची वाक्यं लांब आणि संस्कृत वळणाची आहेत. म्हणून एक साधी तपासणी तिलाच करायला सांगा, मधलं कुठलंही पान उघडायचं आणि न कळणाऱ्या शब्दाला एकेक बोट मुडपायचं, पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक सध्या एकटीने वाचायचं नाही, कुणाबरोबर तरी वाचायचं.

तुम्हाला सोयीचं म्हणजे ते पुस्तक एका दमात वाचायचं नाहीचे. १९६७ साली आलेल्या या कादंबरीत नऊ भाग आहेत आणि ते सहा जण सांगतात, कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. एक भाग झाला की थांबता येतं. तिला म्हणा, पहिला भाग वाच आणि मला सांग कर्ण खोटं बोलतोय असं कुठे वाटलं का. मुलं या प्रश्नाने फार खूश होतात, कारण पुस्तकात ‘मी’ म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायलाच पाहिजे असं नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मध्येच तिने सोडून दिलं तर सोडू द्या. सहा महिन्यांनी उचलेल, किंवा सोळाव्या वर्षी. आणि द्रौपदीच्या वस्त्रहरणाशी ती येईल तेव्हा घरातलं कुणीतरी मोठं त्याच सुमारास तिथे पोचलेलं असावं, म्हणजे ती रात्री उठून विचारायला आली तर नुसतं ‘झोप आता’ असं होणार नाही. आजीची प्रत एकच आहे, तर दोन बुकमार्क ठेवा, एक तिचा आणि एक तुमचा, आणि तुमचा चार-पाच पानं पुढे असू द्या.